पखालीचे ऋण : पाटीलबावा महादजी शिंदे

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार देवाच्या कृपेने व सर्वांच्या हातभाराने पूर्ण झाला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा समितीने मला केली. मी तालुका कचेरीतला साधा कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. परंतु लहानपणी ऐकलेल्या एका गोष्टीने मनात कायमचे घर केले आहे. ती अल्पमतीप्रमाणे सादर करतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. महादजींचे वडील राणोजी हे प्रथम पेशव्यांच्या पदरी अगदी लहान चाकरीस होते. धन्याचे जोडे सांभाळण्याचे काम ते करीत, असे सांगतात. पहिल्या बाजीरावांनी त्यांची निष्ठा ओळखून त्यांना सरदारकीस चढविले. पुढे या घराण्याने दौलतीसाठी आपले रक्त सांडले. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला गेले. दत्ताजी १७६० मध्ये यमुनेकाठी बुराडीला पडले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा दारुण पराभव झाला. जनकोजी व तुकोजी या संग्रामात कामी आले. महादजी पळत असता पाठलाग करणाऱ्या एका अफगाण स्वाराने त्यांना गाठले व पायावर घाव घातला. अंगावरचे दागिने काढून घेऊन तो त्यांना तसेच टाकून निघून गेला. त्या वेळी राणेखान नावाचा एक भिस्ती तेथे आला. सैन्याला पाणी पुरविणारा गरीब माणूस तो. त्याने जखमी महादजींना उचलले, आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. चहूकडे शत्रू फिरत होता, प्रत्येकाला आपल्या जिवाची पडली होती. हा माणूस पुढे आपले काही भले करील, असा हिशेब मांडण्याची ती वेळ नव्हती.

महादजी वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. घराण्याची सरदारी त्यांच्याकडे येण्यासही काही वर्षे लागली. परंतु दिवस पालटले तेव्हा ते राणेखानास विसरले नाहीत. चार मोहरा हातावर ठेवून त्याची बोळवण करणे सोपे होते. तसे न करता त्यांनी त्याला भाऊ मानले, जहागीर दिली आणि आपल्या फौजेत मोठ्या अधिकारास चढविले.

महादजींनी १७७२ मध्ये शहाआलम बादशहास दिल्लीच्या गादीवर परत आणले होते. १७८८ मध्ये गुलाम कादिराने दिल्ली घेऊन त्याच वृद्ध बादशहाचे डोळे काढले. तेव्हा दिल्ली सोडविण्यासाठी जी मराठी फौज गेली, तिच्या अग्रभागी हाच राणेखान होता. पखाल वाहणाऱ्या हातांनी दिल्ली सोडविली, ही केवढी नवलाची गोष्ट!

१७९२ मध्ये महादजी बादशाही सनदा व वस्त्रे घेऊन पुण्यास सवाई माधवरावांकडे आले. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या शब्दाला तोड नव्हती. तरीही दरबारात ते खालच्या जागी बसले आणि काखेतले नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले, वडिलांची चाकरी तीच आपली चाकरी म्हणून, असे सांगतात. स्वतःस पाटील म्हणवून घेण्यातच त्यांना संतोष होता. काही जाणकार यात राजकारणही पाहतात. असेलही. पण वर आणणारा धनी आणि खालून उचलणारा भिस्ती, या दोघांचीही आठवण त्यांनी ठेवली, एवढे खरे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे देहावसान झाले. तेथील शिंदे छत्री आजही पाहावयास मिळते.

वाचकहो, हे लिहिताना एक गोष्ट मनाला बोचते. माझ्या एस.एस.सी. परीक्षेची फी गल्लीतल्या एका गृहस्थांनी भरली होती. त्याचा बोभाटा त्यांनी कधी केला नाही. पुढे मी नोकरीस लागल्यावर ते एका दाखल्यासाठी कचेरीत आले. कामाच्या गडबडीत मी त्यांना बाकावर बसवून ठेवले. ते संध्याकाळपर्यंत बसले. फीची आठवण त्यांनी तेव्हाही काढली नाही. आज ते हयात नाहीत, आणि माझे देणे राहून गेले.

देणगीदारांची नावे मंदिराच्या फलकावर कोरली आहेत, ते योग्यच आहे. त्यांच्या औदार्यावाचून हे कार्य झाले नसते. परंतु बांधकामाला महिनोन्महिने ज्यांच्या विहिरीचे पाणी आले, ज्या मायबहिणींनी गवंड्यांना भाकरी घातली, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत व त्यांनी ती मागितलीही नाहीत. अशा उपकाराची पावती नसते. ज्याच्यावर तो झाला, त्यानेच तो ध्यानात ठेवायचा असतो आणि वेळ आली की न बोलता उभे राहायचे असते. पाटीलबावा तसे उभे राहिले. मला ते जमले नाही. ग्रामदैवत आपणा सर्वांस ती जाण देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.