सेमूर क्रे आणि उष्णतेचं गणित

सबमिशन संपलं की हॉस्टेलवर दोनच विषय रंगतात, क्रिकेट आणि ज्याचा त्याचा पीसी. कुणाच्या कॅबिनेटमध्ये पाण्याच्या नळ्या येतात, कुणी बायोसमध्ये शिरून मल्टिप्लायर वाढवतो, मग शेजारच्या रूममधले चार जण स्क्रीनवरचा गिगाहर्ट्झचा आकडा बघायला जमतात. ओव्हरक्लॉकिंग हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण क्लॉक वाढवायचा, त्यातून होणारी उष्णता बाहेर काढायची आणि एवढं करून उत्तर बरोबरच आलं पाहिजे, हा उद्योग एका माणसाने चाळीस-पंचेचाळीस वर्षं केला. त्यांचं नाव सेमूर क्रे. कॉम्प्युटरच्या मुलांनी ते ऐकलेलं असतं, पण बहुतेक वेळा व्हायव्हापुरतंच. खरं तर मेकॅनिकलवाल्यांनी त्यांना आपल्यात ओढायला हवं, कारण क्रे यांची अर्धी लढाई रेफ्रिजरेशनची होती.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावातला. वडील सिव्हिल इंजिनिअर. मुलाचा कल बघून त्यांनी घराचं तळघरच त्याला प्रयोगांसाठी देऊन टाकलं. दहाएक वर्षांचा असताना या पोराने खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या भागांतून छिद्रांच्या कागदी पट्टीचं मोर्स कोडमध्ये रूपांतर करणारं यंत्र जुळवलं. पुढे दुसरं महायुद्ध लागलं, सैन्यात रेडिओचं काम केलं, फिलिपाइन्समध्ये जपानी सांकेतिक संदेश उकलण्याच्या कामावर होते. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि नंतर गणितातली मास्टर्स. तिथून सेंट पॉल शहरातल्या इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत लागले. तिथे नौदलासाठी संदेश उकलणारी मशीन्स बनत असत. कॉम्प्युटर कसा बनवायचा हे शिकवणारं पुस्तक तेव्हा नव्हतंच, हाताने करायचं आणि शिकायचं.

१९५७ मध्ये त्यांच्यातलेच काही जण बाहेर पडले आणि कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी, ही कंपनी काढली. क्रे लवकरच तिकडे गेले. नव्या कंपनीकडे पैसा नव्हता. त्यांनी बाजारातले स्वस्त, कमअस्सल ट्रान्झिस्टर आणले आणि ते कसेही वागले तरी सर्किट चाललं पाहिजे अशी रचना केली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर घेतले तर एक जास्त क्लॉकवर पळतो, दुसरा लवकर हँग होतो. मित्राच्या पीसीवर चाललेली सेटिंग आपल्याकडे तशीच चिकटवणारे इथेच फसतात. सुट्या भागाच्या नशिबावर विसंबायचं नाही, मार्जिन ठेवायचं, हे क्रे तेव्हाच करत होते.

त्यांचा सीडीसी १६०४ चांगला खपला. त्याचा पुढचा वंशज सीडीसी ३६०० हा १९६४ मध्ये आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला. जोडीला १६०-ए हा टेबलाएवढा संगणक होता, आणि १६० ची रचना क्रे यांच्याच हातची. म्हणजे महाराष्ट्राची आणि त्यांची ओळख तशी जुनी आहे.

त्याच १९६४ साली सीडीसी ६६०० बाजारात आला. याला जगातला पहिला यशस्वी सुपरकॉम्प्युटर मानतात. क्लॉक होता १० मेगाहर्ट्झ! हसू नका. चार लाख ट्रान्झिस्टर इतके दाटीने बसवले होते की नुसत्या पंख्याच्या हवेने ते गार राहणं शक्यच नव्हतं. दाटी करण्याचं कारणही क्लॉकच होतं. सिग्नल तारेतून जायला वेळ लागतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम फूटभर जातो, तारेतला सिग्नल त्याहून कमी. क्लॉक वाढवायचा तर तारा आखूड हव्यात, तारा आखूड केल्या की भाग जवळ येतात आणि भाग जवळ आले की सगळी उष्णता एका जागी कोंडते. या चक्रातून सुटण्यासाठी क्रे यांनी पूर्वी फ्रिजच्या कंपनीत काम केलेल्या डीन राउश या इंजिनिअरला हाताशी धरलं आणि मशीनच्या भिंतींतून फ्रीऑन खेळवला. चौतीस माणसांच्या त्या प्रयोगशाळेने आपल्याला मागे कसं टाकलं, असा जाब आयबीएमच्या प्रमुखांनी आपल्या लोकांना पत्र लिहून विचारला होता. त्या चौतिसांत झाडलोट करणाराही धरलेला होता.

यानंतरचा ७६०० आणखी वेगवान होता, पण सारखा बंद पडायचा. त्यापुढचा ८६०० तर पुराच झाला नाही. क्लॉक ८ नॅनोसेकंदांवर नेण्याचा बेत होता, पण भाग इतके दाट झाले की उष्णता आणि सोल्डरचे जोड दोन्ही हाताबाहेर गेले. कंपनीने पैसा द्यायला नकार दिला. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडले आणि आपल्याच गावी क्रे रिसर्च काढली.

आता बघा, पुढच्या मशीनमध्ये या माणसाने काय केलं. ८ चा हट्ट सोडला आणि १२.५ नॅनोसेकंदांवर, म्हणजे ८० मेगाहर्ट्झवर समाधान मानलं. त्याऐवजी एका क्लॉकमध्ये जास्त काम उरकेल अशी व्हेक्टर पद्धतीची रचना केली. हाच तो क्रे-१, १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोहोचलेला. वरून पाहिलं तर इंग्रजी सी अक्षरासारखा. शोभेसाठी नाही, आतल्या बाजूच्या तारा आखूड राहाव्यात म्हणून. एकही तार चार फुटांपेक्षा लांब नव्हती. भोवतीच्या गादीच्या बाकाखाली पॉवर सप्लाय दडवलेले. मशीन सुमारे ११५ किलोवॅट वीज खायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर शेतावरच्या पाच हॉर्सपॉवरच्या तीस मोटरी एकदम चालू आणि त्यांची सगळी वीज एका कपाटाएवढ्या जागेत उष्णता होऊन बाहेर पडतेय! प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन बोर्डांच्या मध्ये तांब्याचा पत्रा, पत्र्याच्या कडा ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांत आणि त्या खांबांतल्या स्टीलच्या नळ्यांतून फ्रीऑन. कागदावर छान होतं. प्रत्यक्षात नळ्यांच्या सांध्यांतून कॉम्प्रेसरचं तेल झिरपून बोर्डांवर येऊ लागलं आणि वेल्डिंगची पद्धत नव्याने बसवावी लागली. कूलिंग लीक होण्याचं दुखणं हे असं पहिल्यापासूनचं आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. प्रत्येक गेटचा उलटा आउटपुटही लोडला जोडला, म्हणजे मशीन काम करो वा रिकामं बसो, विजेची मागणी जवळपास सारखीच. ओव्हरक्लॉक केलेला पीसी लोड आला की अचानक रीस्टार्ट होतो, त्याचं एक कारण प्रोसेसरचं व्होल्टेज त्या क्षणी खाली बसणं हेच असतं.

पण लॉस अलामॉसला खरी परीक्षा झाली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या पहिल्या मशीनने सहा महिन्यांत मेमरीच्या १५२ पॅरिटी चुका दाखवल्या. वेगापुढे अशा तपासणीला क्रे फारसं महत्त्व देत नसत, ६६०० च्या मुख्य मेमरीला पॅरिटीसुद्धा नव्हती. या वेळी मात्र रचना बदलावी लागली. प्रत्येक ६४ बिटांच्या शब्दामागे ८ जादा बिट जोडले, चूक पकडणारे आणि एका बिटाची असेल तर दुरुस्तही करणारे. १९७७ मध्ये कोलोरॅडोतल्या एनसीएआर या हवामान संस्थेला गेलेलं मशीन असं सुधारलेलं होतं.

इथे जरा थांबून आपल्या रूममध्ये येऊ. प्रोसेसरची उष्णता साधारण क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक १० टक्के वाढवला आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे उष्णता ३३ टक्के जास्त. म्हणून मल्टिप्लायर एकेका पायरीने, व्होल्टेज त्याहून जपून, आणि दर पायरीला पूर्ण लोडवरचं तापमान बघायचं. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपणहून वेग कमी करतात, तिथपर्यंत जाऊच नये. गेम चालला म्हणजे सेटिंग पक्की असं समजणाऱ्यांनी ते १५२ आकडे आठवावेत. गेममध्ये एखादा बिट उलटला तर कळतही नाही, प्रोजेक्टच्या गणितात तो चुकीचं उत्तर देऊन गप्प बसतो. प्राइम९५ सारखा प्रोग्रॅम माहीत असलेल्या उत्तरांशी ताळा करतो, तो काही तास चालवावा, मेमरीची टेस्ट वेगळी घ्यावी.

आणि अकलूजचा उन्हाळा विसरू नका. माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं कारण ते झिरपून उडतं. साखर कारखान्यात कंडेन्सरचं गरम पाणी फवारून गार करतात तेही त्याच जोरावर. आपल्या वॉटर कूलरचं पाणी मात्र बंद नळीत फिरतं, ते खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होणार नाही. डिसेंबरात ७० अंशांवर टिकलेली सेटिंग मे महिन्यात ४० च्या वर गेलेल्या खोलीत ९० च्या घरात जाते. सुट्या भागांचा लूप जुळवणाऱ्यांनी आधी नुसता पंप लावून, बाकी वीज न देता, काही तास गळती तपासावी. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच लूपमध्ये घालू नये, गंज लागतो. आणि बोअरचं पाणी तर देवाशपथ नको!

क्रे मात्र नळ्यांवर थांबले नाहीत. १९८५ च्या क्रे-२ मध्ये बोर्डांचे थर इतके जवळ आणले की मध्ये पत्रा घालायला जागाच उरली नाही. मग सगळी सर्किट्सच द्रवात बुडवली. फ्लोरिनर्ट नावाचा हा द्रव वीज वाहून नेत नाही. क्लॉक ४.१ नॅनोसेकंद, सुमारे २४४ मेगाहर्ट्झ. गरम झालेला द्रव गार पाण्याच्या हीट एक्स्चेंजरमधून जाऊन परत यायचा. दुरुस्ती करायची तर आधी तो शेजारच्या पारदर्शक टाक्यांत काढून ठेवावा लागे. लोकांनी मशीनचं नाव बबल्स ठेवलं.

याच सुमारास भारताला हवामानासाठी क्रे कंपनीचं मशीन हवं होतं. अमेरिकेने मोठं नाकारलं, अटी घालून लहान एक्स-एमपी दिलं (ते क्रे यांच्या हातचं नव्हे, स्टीव्ह चेन यांचं). या अनुभवातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर नव्हता, साधे ट्रान्सप्युटर अनेक जोडलेले होते. क्रे यांचा या वाटेवर फारसा विश्वास नव्हता.

ते उलट दिशेला गेले. सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड घेतलं आणि क्रे-३ चा क्लॉक जवळपास २ नॅनोसेकंदांवर आणला. त्यासाठी कोलोरॅडो स्प्रिंग्सला वेगळी कंपनी काढली. मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली. एकच मशीन १९९३ मध्ये एनसीएआरला बसवलं गेलं. क्रे-४ ने १ गिगाहर्ट्झ गाठायचा होता, पण मार्च १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. तो आकडा पाच वर्षांनी, २००० मध्ये, टेबलावरच्या पीसीने पंख्याच्या हवेवर गाठला.

सत्तरीच्या माणसाने यानंतर काय करावं? क्रे यांनी १९९६ मध्ये एसआरसी ही नवी कंपनी काढली, आणि या वेळी अनेक प्रोसेसर जोडायचं ठरवलं. २२ सप्टेंबर १९९६ ला कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळ त्यांच्या जीपला अपघात झाला. हॉस्पिटलमध्येच त्यांना एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि ५ ऑक्टोबरला ते गेले. एसआरसीने पुढे मशीन्स काढली. त्यांत इंटेलचे तयार प्रोसेसर बसवलेले होते.