सावकाराच्या दावणीतून शेतकऱ्याची गाय सोडवणारे रायफायझन

मार्च महिना लागला की गावोगावच्या विकास सोसायटीत गर्दी दिसते. सचिव थकबाकीची यादी उघडून बसलेला असतो, कुणी नवं-जुनं करतो, कुणी हातउसने घेऊन भरणा करतो. 31 मार्चच्या बरोबर आदल्या दिवशी, 30 मार्चला, या सोसायटीचा पाया ज्यांनी घातला त्या माणसाची जयंती असते. त्यांचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. आपल्याकडं हे नाव फारसं कुणी घेत नाही. जर्मनीत मात्र त्यांच्या नावाच्या बँका आणि खत-बियाण्याची दुकानं आजही खेड्यापाड्यांत आहेत.

त्यांचा जन्म 1818 साली पश्चिम जर्मनीतल्या हाम या गावी झाला. वेस्टरवाल्ड हा सगळा डोंगराळ मुलूख, जमीन हलकी, थंडी कडाक्याची. नऊ भावंडांत ते सातवे. वडील शेती करत आणि काही काळ गावचा कारभारही बघत. पण आजारपणानं ते कामातून गेले आणि संसाराचा गाडा आईनं ओढला. पुढचं शिक्षण परवडलं नाही. गावच्या धर्मगुरूंनी जे शिकवलं त्यावरच भागलं. सतराव्या वर्षी रायफायझन सैन्यात भरती झाले, पण डोळ्यांच्या दुखण्यामुळं 1843 साली नोकरी सोडावी लागली. हे दुखणं जन्मभर पाठीशी राहिलं.

1845 साली त्यांना वायरबुश या गावात मुख्य कारभारी नेमलं गेलं. आपला सरपंच एका गावाचा असतो, यांच्याकडं आजूबाजूची वीसेक गावं होती. वर्षभरातच दुष्काळ पडला. बटाट्यावर रोग आला, धान्यही बुडालं. 1846-47 चा तो हिवाळा तिकडं उपासमारीचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो. सरकारनं धान्य पाठवलं खरं, पण रोख पैसे घेऊनच ते द्यायचं अशी अट घातली. ज्याच्याकडं रोकड आहे त्याला सरकारी धान्य कशाला लागतंय! रायफायझन यांनी ती अट बाजूला ठेवली. गावातल्या ऐपतदारांकडून पैसे उभे केले, गावाच्या सामाईक भट्टीत पाव भाजून घेतले आणि पीक आल्यावर पैसे फेडायच्या बोलीवर गरिबांना दिले.

1848 साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथं दुखणं वेगळं होतं. गाय ही तिथल्या लहान शेतकऱ्याची खरी भिस्त. दूध तिचं, शेण तिचं, पुष्कळांच्या शेतात नांगरही तीच ओढायची. गाय घ्यायला पैसे नसले की सावकार उधारीवर गाय द्यायचा. चारा-पाणी शेतकऱ्यानं करायचं, नफा मात्र सावकाराचा, आणि हप्ता चुकला की गाय परत. काहींची तर घरं-जमिनी लिलावात गेल्या. यावर उपाय म्हणून 1849 साली रायफायझन यांनी साठेक ऐपतदार लोकांना एकत्र करून मदत संघ काढला. संघ गाय विकत घेऊन द्यायचा आणि शेतकरी हप्त्याहप्त्यानं पैसे फेडायचा.

1852 पासून ते हेडेसडोर्फला होते. तिथंही 1854 साली त्यांनी तसाच संघ काढला. अनाथ मुलांची सोयही त्याच्या कामात होती. पण काही वर्षांतच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पैसेवाले लोक सुरुवातीला हौसेनं येतात, नंतर त्यांचा उत्साह ओसरतो. जबाबदारी त्यांची आणि फायदा दुसऱ्याचा, हे किती दिवस चालणार? दान-धर्मावर विश्वास ठेवणाऱ्या या भाविक माणसाला हे मान्य करणं सोपं गेलं नसणार. तरी त्यांनी मान्य केलं. 1862 साली आनहाउझनला आणि 1864 साली हेडेसडोर्फला नव्या पद्धतीची कर्ज सोसायटी उभी राहिली. ज्याला कर्ज हवं त्यानं आधी सभासद व्हायचं, हा तिचा मुख्य नियम.

दुसरा नियम जास्त कडक होता. सोसायटी बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या घरादारासह जबाबदार. आज कुणी असं म्हणालं तर ग्रामसभेतून माणसं उठून जातील. पण सगळं काम याच नियमावर चाललं. एकट्या शेतकऱ्याला शहरातला पैसेवाला दारात उभं करत नव्हता. शे-दोनशे जणांनी मिळून हमी घेतली की तोच पैसा कमी व्याजानं मिळायचा. आणि शेजाऱ्याचं कर्ज थकलं तर आपल्या घरावर येणार म्हटल्यावर, पैसे कशाला पाहिजेत हे प्रत्येक जण विचारणारच. म्हणून सोसायटीची हद्द लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. कर्ज ज्या कामाला घेतलं त्याच कामाला लावायचं, नाहीतर परत मागितलं जाई. संचालकांना पगार नाही, पगार फक्त हिशेबनिसाला. उरलेला नफा वाटायचा नाही, राखीव निधीत टाकायचा. मजूर आणि घरकामाच्या बायकांची छोटी बचतही तिथंच ठेवली जाई.

शहरात कारागिरांच्या पतसंस्था काढणारे शुल्झ-डेलिट्श यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. शुल्झ-डेलिट्श यांना थोड्या महिन्यांची कर्जं योग्य वाटत. रायफायझन यांचं म्हणणं, शेतातलं उत्पन्न तीन महिन्यांत येत नाही, मग परतफेड कशी येईल? कर्जाची मुदत पिकाकडं बघून ठरवली पाहिजे. शेती करणाऱ्याला हे वेगळं पटवायची गरज नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र ओढाताणच होती. सात मुलांपैकी तीन लहानपणीच गेली, 1863 साली पत्नी एमिली वारल्या. डोळे जवळजवळ गेल्यामुळं 1865 साली नोकरीही सुटली. पेन्शन तुटपुंजी. आधी सिगारचा कारखाना करून बघितला, मग दारूचा, म्हणजे वाइनचा, व्यापार केला आणि त्यावर घर चालवलं. सोसायटीच्या कामाचा पगार त्यांनी कधी घेतला नाही. 1866 साली सोसायटी कशी काढावी यावर त्यांचं पुस्तक निघालं. दिसत नसल्यामुळं ते तोंडानं सांगत आणि थोरली मुलगी अमाली लिहून घेई. पुढं सगळा पत्रव्यवहारही तिनंच सांभाळला. 11 मार्च 1888 रोजी, सत्तरी पूर्ण व्हायला थोडेच दिवस असताना, ते वारले.

आपल्याकडं 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला होता आणि शेतकऱ्यांनी कर्जरोख्यांच्या होळ्या केल्या होत्या. कागद जळाले तरी बी-बियाण्याला पैसा लागतोच, त्याची सोय झाली नव्हती. मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतीपतपुरवठ्याचा अभ्यास करायला सांगितलं. त्यानं रायफायझन यांची पद्धत उचलून धरली. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यात खेड्यातल्या सोसायट्यांना तीच अमर्यादित जबाबदारी लावली होती. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, आज कर्नाटकात असलेल्या गदगजवळच्या कणगीनहाळ गावात, शेतकऱ्यांची सोसायटी नोंदवली गेली.