मायकेल क्लार्क डंकन

मायकेल क्लार्क डंकन (१० डिसेंबर, १९५७:शिकागो, इलिनॉय, अमेरिका - ३ सप्टेंबर, २०१२:लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन अभिनेते होते. द ग्रीन माइल (१९९९) या चित्रपटातील जॉन कॉफी ही त्यांची सर्वाधिक गाजलेली भूमिका होय. डेअरडेव्हिल (२००३) या चित्रपटात त्यांनी किंगपिन हा खलनायक साकारला. मूळ कॉमिक्समध्ये हे पात्र श्वेतवर्णीय असल्याने कृष्णवर्णीय डंकन यांच्या निवडीवरून चाहत्यांमध्ये वाद झाला.

सुरुवातीचे जीवन

डंकन लहान असतानाच त्यांचे वडील कुटुंबापासून वेगळे झाले. आईने घरकामे करून त्यांना व त्यांच्या बहिणीला वाढवले. मिसिसिपी राज्यातील अल्कॉर्न स्टेट विद्यापीठात ते शिकत होते, परंतु आईच्या आजारपणामुळे शिक्षण अर्धवट सोडून ते शिकागोला परतले. तेथे दिवसा गॅस कंपनीसाठी चर खोदणे आणि रात्री नाइटक्लबमध्ये बाउन्सरचे काम करणे असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे लॉस एंजेलस येथे त्यांनी विल स्मिथसह अनेक कलाकारांचे अंगरक्षक म्हणून काम केले. १९९७मध्ये रॅप गायक द नोटोरियस बी.आय.जी. यांची हत्या झाल्यानंतर त्यांनी हे काम सोडले.

चित्रपट कारकीर्द

आर्मागेडन (१९९८) या चित्रपटामुळे डंकन प्रेक्षकांना परिचित झाले. त्यातील सहकलाकार ब्रूस विलिस यांच्या शिफारशीमुळे दिग्दर्शक फ्रँक डॅरबाँट यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि त्यांना द ग्रीन माइलमधील भूमिका मिळाली. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्कर पुरस्काराचे नामांकन मिळाले.

किंगपिनची भूमिका आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया

किंगपिन उर्फ विल्सन फिस्क हे पात्र स्टॅन ली आणि जॉन रोमिता यांनी निर्माण केले. ते १९६७मध्ये द अमेझिंग स्पायडर-मॅनच्या ५०व्या अंकात प्रथम अवतरले. टक्कल, अवाढव्य देह आणि पांढरा कोट ही त्याची ओळख वाचकांच्या मनात पक्की झाली होती. त्यामुळे डंकन यांची निवड जाहीर होताच, मूळ कलाकृतीशी प्रामाणिक राहिले पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. फिस्कचा दरारा त्याच्या देहातून आणि सत्तेतून येतो, वर्णातून नव्हे, असे समर्थकांचे म्हणणे होते. हा देह पडद्यावर उभा करू शकेल असा अभिनेता मिळणे कठीण होते. सुमारे ६ फूट ५ इंच उंचीच्या डंकन यांनीही या भूमिकेसाठी वजन आणखी वाढवले.

असा बदल पूर्वीही झाला होता. बॅटमॅन (१९८९) या चित्रपटात हार्वी डेंट हे कॉमिक्समधील श्वेतवर्णीय पात्र बिली डी विल्यम्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने साकारले होते. तथापि, डेंटचे टू-फेस या खलनायकात रूपांतर दाखवण्याची वेळ १९९५मध्ये आली तेव्हा ती भूमिका टॉमी ली जोन्स यांना देण्यात आली.

डेअरडेव्हिलला समीक्षकांचा संमिश्र प्रतिसाद मिळाला. त्याच वर्षी एका स्पायडर-मॅन ॲनिमेशन मालिकेत डंकन यांनी किंगपिनला आवाज दिला. तेथे हे पात्रही कृष्णवर्णीय दाखवले होते. पुढे थॉर (२०११) मधील हाइमडॉलच्या भूमिकेसाठी इद्रिस एल्बा यांची निवड झाल्यावर याच स्वरूपाचा वाद पुन्हा उद्भवला.

निधन

जुलै २०१२मध्ये डंकन यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. ३ सप्टेंबर रोजी वयाच्या ५४व्या वर्षी लॉस एंजेलस येथे त्यांचे निधन झाले. २०१५च्या डेअरडेव्हिल मालिकेत किंगपिनची भूमिका व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओ यांनी केली.