कणसातलं कोडं उलगडणारी बार्बरा

मक्याच्या कणसात कधीकधी ठिपकेदार, रंगीत दाणे दिसतात. आपण कणीस भाजतो, खातो आणि विसरून जातो. बार्बरा मॅक्लिंटॉकनं मात्र या ठिपक्यांसाठी अख्खं आयुष्य दिलं.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे १६ जून १९०२ रोजी तिचा जन्म झाला. जास्त शिकली तर मुलीचं लग्न जमायचं नाही, या धास्तीनं आईचा कॉलेजला विरोध. (ओळखीचं वाटतंय ना?) वडिलांनी बाजू घेतली आणि १९१९ मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाली. १९२७ मध्ये पीएच.डी. झाली, नाव झालं. पण कायमची नोकरी काही मिळेना. अखेर १९४१ मध्ये तिनं न्यूयॉर्कजवळची कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळा गाठली.

स्वतः मका पेरायचा, दाणा न् दाणा तपासायचा, हाच दिनक्रम. त्यातून तिला कळलं, की आनुवंशिक द्रव्याचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. रंगाच्या जनुकात तुकडा घुसला की रंग बंद, निघाला की पुन्हा ठिपका! १९५१ मध्ये तिनं हे परिषदेत मांडलं. पण जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी असतात, अशीच तेव्हा समजूत होती. बहुतेकांना तिचं म्हणणं पटलंच नाही. पुढे तिनं त्यावर लेख छापणं जवळजवळ थांबवलं, काम मात्र चालूच ठेवलं.

सत्तरच्या दशकात जिवाणूंमध्येही असे तुकडे सापडले आणि जग जागं झालं. १९८३ मध्ये तिला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते वाटून न घेता एकटीनं मिळवणारी ती आजवरची एकमेव स्त्री. तेव्हा वय होतं ८१!

माणसाच्या डीएनएचा जवळपास ४५ टक्के भाग अशाच तुकड्यांच्या पुन्हापुन्हा आलेल्या नकलांचा आहे. बहुतेक आता हलत नाहीत. पण एखादी नक्कल भलत्याच ठिकाणी घुसली तर? १९८८ मध्ये रक्त न गोठण्याच्या, म्हणजे हिमोफिलियाच्या, दोन रुग्णांत नेमकं हेच आढळलं. हा आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून बोट तिच्याकडेच दाखवलं जातं. इथे मात्र तो दोष आईत नव्हताच, तुकडा नव्यानं घुसला होता.

२ सप्टेंबर १९९२ रोजी बार्बरा गेली. कणसातलं तिचं कोडं आज आजारांची कारणं सांगतंय.