कार्ल फाबर्जे व अंड्याचें कवच

ज्या लॉर्ड रे यांचें नांव आमच्या रे रोड स्टेशनास मिळालें आहे, ते १८८५ सालीं मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. पुढें १८९१ सालीं जे. जे. कलाशाळेंत हस्तकलांचे कारखाने त्यांच्याच नांवानें निघाले. त्याच १८८५ सालीं रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें एका सोनारानें बादशहाकरितां एक अंडें घडविलें. त्या सोनाराचें चरित्र आम्ही बालवाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करितों.

पीटर कार्ल फाबर्जे यांचा जन्म ३० मे १८४६ रोजीं झाला. त्यांचे पूर्वज फ्रान्सांतील प्रॉटेस्टंट. धर्ममतास्तव छळ होऊं लागल्यामुळें त्यांनीं स्वदेश सोडला. वडील गुस्ताव यांनीं १८४२ सालीं पीटर्सबर्गांत जवाहिराची पेढी घातली होती. कार्ल हे जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें सोनारकाम शिकले आणि परतल्यावर त्यांनीं हर्मिटेज संग्रहालयांतील प्राचीन सुवर्णवस्तु विनावेतन दुरुस्त केल्या.

रशियांत व युक्रेनांत ईस्टर सणास कोंबडीचीं खरीं अंडीं रंगवून एकमेकांस देण्याची चाल फार जुनी आहे. कवचावर वितळलेल्या मेणानें रेघा काढून तें फिक्या रंगांत बुडवावयाचें, पुन्हां मेण लावून गडद रंगांत बुडवावयाचें; मेणाखालीं नवा रंग शिरत नाहीं. शेवटीं मेणबत्तीच्या उष्णतेनें मेण पुसलें म्हणजे सारी नक्षी प्रकट होते. हात जरा जड पडला कीं कवच फुटतें व श्रम वायां जातात.

गरिबाच्या घरच्या या भेटीसच फाबर्जे यांनीं राजवाड्यांत नेलें. तिसऱ्या अलेक्झांडर बादशहानें राणीस दिलेलें तें पहिलें अंडें बाहेरून केवळ पांढऱ्या मिन्याचें, खऱ्या कवचासारखें साधें होतें. आंत सोन्याचें बलक आणि बलकांत सोन्याची कोंबडी! पुढें १९१६ पर्यंत अशीं पन्नास अंडीं राजघराण्यास पोंचलीं. जपानशीं युद्ध चालू असतां १९०४ व १९०५ सालीं मात्र तीं झालीं नाहींत. धातूच्या किंमतीपेक्षां कारागिरीचें मोल अधिक, हें फाबर्जे यांचें तत्त्व होतें. शेतकऱ्याचा मुलगा मिखाईल पेर्खिन हा त्यांचा मुख्य कारागीर झाला आणि त्याच्या कामावर त्याच्याच नांवाचीं आद्याक्षरें उमटत असत.

१९१७ च्या राज्यक्रांतीनें बादशाही गेली. १९१८ सालीं पेढी सरकारजमा झाली, फाबर्जे यांनीं रशिया सोडला आणि २४ सप्टेंबर १९२० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें त्यांचें देहावसान झालें. पूर्वजांप्रमाणेंच परदेशवास त्यांच्याही वांट्यास आला.

बादशहाबरोबर सोन्याचीं अंडीं संपलीं. परंतु खरें कवच रंगविण्याची कला घरोघरच्या बायकांमुलांच्या हातीं टिकून राहिली. युक्रेनच्या या कलेस २०२४ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. आमच्या स्वयंपाकघरांत कवचें रोज केरांत जातात. मुलांनो, अंड्याच्या दोन्ही टोकांस सुईनें बारीक छिद्रें पाडून आंतील भाग फुंकून वाटींत काढा, कवच धुवून वाळवा आणि हलक्या हातानें कुंचला धरा. पहिलीं दोन-चार फुटतील. त्याबद्दल पालकांनीं रागावूं नये, अशी आमची त्यांस विनंति आहे.