विश्लेषण : जुन्या गाड्यांच्या ब्रेकमागचे माल्कम लॉकहीड कोण होते?

जुन्या मोटारीचे ब्रेक दुरुस्त करताना मास्टर सिलिंडर उघडला, की ज्यांच्या कल्पनेपाशी आपण पोहोचतो ते अमेरिकी तंत्रज्ञ म्हणजे माल्कम लॉकहीड. विमानांमुळे जगाला माहीत असलेले हे आडनाव मोटारींच्या ब्रेकवरही उमटले, ते त्यांच्यामुळे.

विमानाकडून ब्रेककडे कसे?
कॅलिफोर्नियात वाढलेले माल्कम तरुणपणी सॅन फ्रान्सिस्कोत मोटार मेकॅनिक होते. धाकटे बंधू ॲलन यांच्यासह त्यांनी बांधलेले मॉडेल-जी हे सागरी विमान १५ जून १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावरून उडाले. १९१६ मध्ये दोघांनी सांता बार्बरात विमान कंपनी काढली. मात्र १९१९ मध्ये माल्कम तेथून बाहेर पडले आणि डेट्रॉइटमध्ये त्यांनी हायड्रॉलिक ब्रेकची कंपनी सुरू केली. मूळ आडनावाच्या स्पेलिंगमुळे लोक उच्चार चुकवत, म्हणून नव्या कंपनीसाठी त्यांनी ते उच्चाराप्रमाणे बदलले.

त्यांनी नेमके काय बदलले?
तेव्हाचे ब्रेक सळ्या आणि तारांवर चालत. चाकांवर ताण कमी-जास्त पडला, की गाडी एका बाजूला ओढली जाई. बंदिस्त द्रवातील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, या तत्त्वाचा माल्कम यांनी वापर केला. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन द्रव ढकलतो आणि चारही चाकांना एकाच वेळी दाब मिळतो. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल-एमध्ये हे ब्रेक आले. सुरुवातीच्या सीलमधून गळती होई. क्रायसलरच्या अभियंत्यांनी रबरी कप वापरून ती आटोक्यात आणली आणि १९२४ च्या क्रायसलर मोटारीमुळे हे तंत्र सामान्य ग्राहकापर्यंत गेले.

आज दुरुस्ती करताना काय पाहावे?
• ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे सिलिंडर आतून गंजतो. हलके ओरखडे होनिंगने जातात. खोल खड्डे असतील तर स्लीव्ह बसवावी किंवा सिलिंडरच बदलावा.
• रबरी कप नवेच घालावेत. ते पेट्रोल किंवा इंजिन ऑइलने धुतले तर फुगतात.
• पेडलाची बुश आणि पिन झिजली असेल तर पेडल डगमगते.
• पुशरॉडला थोडा मोकळा खेळ हवा. तो नसेल तर द्रव टाकीत परतण्याचे छिद्र बंद राहते, दाब सुटत नाही आणि ब्रेक चिकटून तापतात.
• शेवटी लाइनमधील हवा पूर्ण काढावी. हवा दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखे लागते.

एवढी काळजी का?
जुन्या गाड्यांत ब्रेकचे एकच सर्किट असे. एक सील फाटले, तर चारही चाकांचे ब्रेक जात. म्हणूनच अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचे झाले.

पुढे काय झाले?
माल्कम यांनी १९३२ मध्ये ब्रेकचा व्यवसाय बेंडिक्स कंपनीला विकला. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत बहुतेक मोटारींचे पेडल त्यांनी दाखवलेल्या तत्त्वावरच दाबले जात होते.