निकोला टेस्ला : लांब ठिणगीमागचं गणित

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो आणि पालकांनो, विजेच्या लखलखाटात शांतपणे वाचत बसलेल्या टेस्लांचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. मुलं तो पाहून हरखून जातात. त्यामागची गोष्टही त्यांना सांगायला हवी.

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या गावी झाला. हे गाव आज क्रोएशियात आहे. १८८४ मध्ये ते अमेरिकेत गेले. आज आपल्या घरी येणारी प्रत्यावर्ती वीज सर्वदूर पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १८९१ मध्ये त्यांनी अतिउच्च व्होल्टेज निर्माण करणारी टेस्ला कॉइल तयार केली. १८९५ मध्ये न्यूयॉर्कमधली त्यांची प्रयोगशाळा जळून खाक झाली, तरी ते थांबले नाहीत. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे त्यांनी प्रचंड मोठी कॉइल उभारली. तो फोटो तिथलाच. पण ठिणग्या आणि टेस्ला यांची छायाचित्रं एकाच काचेवर वेगवेगळ्या वेळी घेतलेली आहेत!

आता गणित पाहू. वीज दुप्पट दिली तर ठिणगी दुप्पट लांब होईल का? नाही. पुढे हौशी प्रयोगकर्त्यांनी मोजमापं करून एक ढोबळ नियम काढला: ठिणगीची लांबी शक्तीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. नीट जुळवलेल्या कॉइलला १ किलोवॅट दिले तर सुमारे साडेचार फूट ठिणगी मिळते. नऊ फुटांसाठी ४ किलोवॅट लागतात आणि अठरा फुटांसाठी तब्बल १६! मुलांना चौरस काढून दाखवा. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, अगदी तसंच.

खरं तर टेस्लांना ठिणग्या नकोच होत्या. त्यांना तारांशिवाय दूरवर वीज पाठवायची होती, आणि ठिणगी म्हणजे हवेत वाया गेलेली ऊर्जा. त्यासाठी १९०१ मध्ये लाँग आयलंडवर मनोऱ्याचं काम सुरू झालं, पण पैसा संपला. १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत ते एकटेच असताना वारले. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्यांचं नाव मिळालं.

तेव्हा फोटो जरूर दाखवा, पण सोबत वर्गमूळही शिकवा. मात्र ही कॉइल घरी किंवा वर्गात करून पाहू नका; तिचा झटका जीवघेणा ठरू शकतो.